आमेरच्या बाईंचे वडील शोधताना

नवऱ्याची सीमेवर बदली झाली तेव्हा आम्हाला जयपूरला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. तिकडे बायकामुलांना नेता येत नाही. मी आणि आठवीतली मुलगी जयपूरच्या छावणीतच राहिलो, अशाच मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी असलेल्या क्वार्टरांच्या रांगेत. लग्नानंतर किती घरं बदलली ते मोजायचं मी केव्हाच सोडून दिलंय. काळ्या पत्र्याच्या ट्रंका भिंतीला लावायच्या, वर गादी आणि चादर टाकायची, की झाला दिवाण. त्यातल्या काही ट्रंका तर मागच्या दोन्ही गावांत उघडल्याच नव्हत्या.

त्या दिवसांत मला एका जागी बसवत नसे. मुलीची शाळेची बस गेली की मी घर आवरायची, आवरलेलं पुन्हा आवरायची, फोन हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरायची. नवऱ्याचा फोन आला तर यायचा, नाहीतर नेटवर्कच नसायचं. आला की तो म्हणायचा, "हां, इकडे सगळं ठीक. तू बोल." आणि माझ्याकडे बोलायला काही नसायचं.

मूळची मी साताऱ्याची. लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकले, मग शिकवायलाही लागले होते. पुढे प्रत्येक नव्या गावी त्या भाषेचा काहीतरी उपयोग शोधायचा आणि तो सापडेपर्यंत सामान बांधायची वेळ यायची. जयपुरात मात्र काम लवकर मिळालं. परदेशी पाहुण्यांना किल्ले आणि महाल दाखवणाऱ्या गाइड लोकांना इथे जर्मन लागतं. एका क्लासमध्ये आठवड्यातून दोन सकाळी मी त्यांना बोलायला शिकवत असे. त्यातलाच एक गाइड तास संपल्यावर मागे थांबला.

"मॅडमजी, आमेरमध्ये एक जर्मन अम्माजी राहतात. लग्न होऊन आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. त्यांची नजर चाललीय. जर्मन वाचून दाखवणारं कोणीतरी शोधतायत."

मला वाटलं, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं असेल. बसने गेले. मुख्य रस्ता सोडून वर चढणाऱ्या गल्लीत त्यांच्या मुलाचं छोटं गेस्टहाउस होतं, आणि त्याच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत बाई राहत होत्या. उंच, हडकुळ्या, ऐंशीला टेकलेल्या. सुती सलवार-कमीज, डोक्यावरून ओढणी. दाराशी येणाऱ्या भाजीवाल्याशी त्या इतक्या अस्सल तिकडच्या बोलीत घासाघीस करत होत्या, की त्या वळून माझ्याशी जर्मन बोलल्या तेव्हा क्षणभर मीच गोंधळले.

"तुम्हाला जुनी लिपी वाचता येते का?" त्यांनी विचारलं.

"कुठली जुनी लिपी?"

"आमचे आजे-पणजे लिहायचे ती. शाळेत शिकवायची बंद झाली, त्यामुळे मलाही येत नाही."

"मला नाही येत."

"शिकाल?"

का कोण जाणे, मी हो म्हणाले. घरी परत जाऊन तीच चादर पुन्हा झटकायची नव्हती, एवढंच कारण असेल.

त्यांची गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितली, अगदी कोरड्या आवाजात. त्यांना काचबिंदू झाला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, माताजी, तुमच्या आईला किंवा वडिलांना हा आजार होता का? आईला नव्हता. वडिलांचं बाईंना सांगता येईना, कारण त्यांचे वडील कोण हे त्यांना ठाऊकच नव्हतं. जन्माच्या नोंदीत वडिलांच्या नावाच्या जागी नुसती रेघ होती. पश्चिम जर्मनीत अकीक आणि तसलेच रंगीत दगड घासून चमकवणाऱ्यांचं एक गाव आहे, तिथे दुसरं महायुद्ध संपल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचा जन्म झाला. त्या भागात तेव्हा फ्रेंच सैन्य मुक्कामाला होतं. गावात सगळ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. आईने जन्मभर एक अक्षर सांगितलं नाही, आणि ती गेली.

"आजोबांनी वाढवलं मला," बाई म्हणाल्या. "ते दगड घासायचे. पोटावर पालथं पडून. पुढे पाण्यावर फिरणारं मोठं चाक, आणि त्याच्यावर दगड दाबून धरायचा. दिवसभर. माझे मिस्टर जयपूरहून दगड विकायला आमच्या गावी आले होते. आमच्या घरी आले, आजोबांना असं पालथं पडलेलं बघितलं, आणि म्हणाले, आमच्याकडे हेच काम मांडी घालून करतात. आजोबा म्हणाले, मग तुमच्याकडचे लोक शहाणे आहेत."

त्यांचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. लग्नात पंडितजींनी मुलीचं गोत्र विचारलं तेव्हा विधी तिथेच अडला होता म्हणे. मग एका चुलतसासऱ्याने पुढे होऊन कुठलंसं एक गोत्र सुचवलं आणि विधी पुढे सरकला. "इथे प्रत्येकाला सात पिढ्या तोंडपाठ," बाई म्हणाल्या. "मला एकही धड नाही. मिस्टर असेपर्यंत त्याचं काही वाटलं नाही. आता बसल्या बसल्या तेच डोक्यात फिरतं. डोळे पुरते जायच्या आत जुने कागद वाचून वडील शोधायचेत."

मी शिकायला लागले. मुलगी शाळेत गेली की टेबलावर लॅपटॉप, शेजारी कागद आणि बोरू नाही तर नाही, साधं शाईचं पेन. त्या लिपीला कुरेंट म्हणतात. तिच्यात सगळी अक्षरं एकाच बाजूला झुकलेली, गवत वाऱ्याने वाकावं तशी. 'ई' आणि 'एन' सारखेच दिसतात. 'यू' ओळखायचा तो केवळ त्याच्या डोक्यावरच्या आकडीवरून. इंटरनेटवर अशा शोधाची हौस असलेल्या लोकांचे गट आहेत. तिथे एका निवृत्त शिक्षिकेने मला सल्ला दिला: वाचायला शिकायचं असेल तर आधी लिहायला शिका, हाताला वळण कळलं की डोळ्याला कळेल. मी पानंच्या पानं गिरवली. वाणसामानाची यादीसुद्धा त्या लिपीत लिहायला लागले. मुलीने ती बघितली आणि म्हणाली, "मम्मा, हे मतलब कोड आहे का? दुकानवाले भैया कसे वाचतील?"

वडिलांचा पत्ता लागावा म्हणून शिकायला लागलेली मी, पण त्याच शिक्षिकेने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मला सुरुवातीला अजिबात पटली नाही. तिचं म्हणणं होतं, जे माहीत नाही त्याच्यामागे धावू नका. आधी आईची बाजू पक्की करा. सगळी. आईच्या चुलत-आते-मावस भावंडांपर्यंत. मी बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या वैतागल्या.

"आईची माणसं मला माहीत आहेत. मला दुसरं विचारायचंय."

"मलाही घाई आहे," मी म्हणाले. "पण ती म्हणतेय ते बरोबर असावं."

मग आम्ही आईच्या बाजूने मागे जायला लागलो. त्या भागातल्या चर्चच्या जुन्या नोंदींची छायाचित्रं ऑनलाइन बघायला मिळतात. बाप्तिस्मा, लग्न, दफन. मी वाचायची, बाई ऐकायच्या. एकाच गावात एकाच नावाची चार-चार माणसं. एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. आडनावाचं स्पेलिंग पाद्री बदलला की बदलायचं. पिढ्यान्‌पिढ्या सगळे दगड घासणारे, आणि मरणाचं कारण बहुतेकांचं छातीचं, दगडाची धूळ आत जाऊन. अधूनमधून बाई मला थांबवायच्या. "हे घर मला माहीत आहे. ओढ्याच्या वरच्या अंगाला होतं." त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवर असायचे, जिथे खरं तर आता त्यांना फारसं काही दिसत नव्हतं.

त्या नोंदींतली एक गोष्ट मला टोचत राहिली. तिथे प्रत्येक बाईचं माहेरचं आडनाव लिहिलेलं होतं. लग्न झालं, मुलं झाली, ती स्वतः मेली, तरी 'जन्माने अमकी' हे तिच्याबरोबर जात होतं. मी एका दगड घासणाऱ्याच्या खापरपणजीचं माहेर सांगू शकत होते. एक दिवस साताऱ्याला आईला फोन लावला.

"आई, आजीच्या आईचं नाव काय गं?"

"कुठलं? माहेरचं की सासरचं?"

"दोन्ही सांग."

"सासरचं ठाऊक आहे. माहेरचं कुणाला ठाऊक असणार? लग्नात बदललं की ते. आजीलाही ठाऊक नसेल." मग ती म्हणाली, "तुला काय करायचंय? जेवलीस का?"

मी फोन ठेवला आणि पुन्हा खोल्यांतून फिरायला लागले.

आईची बाजू पक्की व्हायला पूर्ण उन्हाळा गेला. त्या काळात आमेरला जायचं म्हणजे बसच्या खिडकीतून भट्टीसारखी हवा तोंडावर यायची. बाईंच्या खोलीत कूलर घरघरत असायचा आणि त्याच्या आवाजावर मी नावं ओरडून वाचायची. एका दुपारी मी मध्येच थांबले आणि विचारलं, "वडिलांचा पत्ता लागला, तर पुढे काय? तुम्हाला नक्की काय कळायला हवंय? डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर?"

बाईंनी कूलर बंद करायला सांगितला. मग म्हणाल्या, "तेव्हाच्या दिवसांत आमच्या भागात बायकांवर काय काय झालं, ते तुम्ही वाचलंय?"

"थोडंफार."

"माझी आई माझ्याकडे कधी कधी अशी बघायची की मी खोलीतून निघून जायचे. ते बघणं कसलं होतं ते मला कळून घ्यायचंय. तिच्यावर जबरदस्ती झाली असेल तर तसं कळू दे. झाली नसेल तर तसं कळू दे. हे मधलं आता नको."

त्यांनी हात पुढे केला, चाचपडत, मी तो धरला. परतीच्या बसमध्ये मला सारखं वाटत होतं की हे काम मी घ्यायला नको होतं. कागदांत नावं असतात, तारखा असतात. कोणी कोणाकडे कसं बघितलं ते नसतं.

आता राहिलेला रस्ता एकच होता, डीएनएसाठी लाळेची चाचणी. जगभरात लोक ती करतात, आणि ज्यांच्याशी रक्ताचं नातं लागतं त्यांची नावं समोर येतात. इथून ती करायची सोय नव्हती, आणि बाईंना प्रवास झेपण्यासारखा नव्हता. त्यांचा मुलगा मात्र दगडांच्या व्यापारासाठी दर वर्षी जर्मनीतल्या प्रदर्शनाला जायचा. वडिलांचा धंदा त्यानेच पुढे चालवला होता. त्याने तिथे चाचणी दिली तरी चालण्यासारखं होतं. त्याची अर्धी नाती जयपूरची निघतील. युरोपातली जी निघतील ती आईकडूनच. त्यातून आम्ही पक्की केलेली त्याच्या आजीची, म्हणजे बाईंच्या आईची बाजू वगळली की उरेल ती त्या अज्ञात माणसाची. उन्हाळाभर त्या शिक्षिकेने आम्हाला का राबवलं, ते मला तेव्हा नीट कळलं.

पण मुलगा तयार नव्हता. पन्नाशीकडे झुकलेला, अदबीने वागणारा माणूस. मला गेस्टहाउसच्या अंगणात चहा देऊन तो म्हणाला, "भाभीजी, तुम्ही एवढ्या लांबून येता, मम्मीचा वेळ चांगला जातो, मी मानतो. पण हे राहू दे. आज मम्मीला बाप नाही, एवढंच आहे. उद्या कोणीतरी वाईट माणूस निघाला तर? तो मला आजोबा म्हणून घरात ठेवावा लागेल."

मला त्याचं म्हणणं पटलं. ते मी बाईंना जाऊन सांगितलंही. बाईंनी त्याला आत बोलावलं. दोघं त्यांच्या बोलीत बोलले, मला सगळं समजलं नाही. शेवटी तो उठला आणि एवढंच म्हणाला, "ठीक है, मम्मी." प्रदर्शनाहून आल्यावर त्याने दाराशी चपला काढता काढता सांगितलं की थुंकून आलोय, आता काय व्हायचं ते होऊ दे.

निकालाची वाट बघताना माझी जी अवस्था झाली ती बाईंचीही नव्हती. गाइड लोकांना क्रियापदं शिकवताना मी टेबलाखाली फोन बघायची. निकाल आला तेव्हा त्यात लंडनमधला एक जयपुरी आतेभाऊ होता, बाईंच्या आईच्या बाजूचे दोन-तीन लांबचे लोक होते, ज्यांची नावं माझ्याकडे आधीच होती, आणि बाकी धूळ, नातं लावता येऊ नये अशी नावं. मी बाईंना सांगितलं, काही नाही. फ्रान्समध्ये लोकांना ही चाचणी घरच्या घरी करायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तिकडची माणसं यात फारशी सापडत नाहीत, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." आणि दुसरंच बोलायला लागल्या.

हिवाळा लागता लागता यादीत एक नवं नाव आलं. बेल्जियममध्ये राहणारी एक बाई, साधारण माझ्याच वयाची, पेशाने नर्स. मुलाशी तिचं नातं चुलत-मावस भावंडाच्या आसपासचं दिसत होतं, आणि आईच्या बाजूच्या कुणाशीही तिचं काही जुळत नव्हतं. मी तिला इंग्रजीत लिहिलं. लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. तिचं उत्तर लगेच आलं: तिची आई मूळची फ्रान्सच्या उत्तरेकडची, कोळशाच्या खाणींच्या भागातली. आईचे वडील तरुणपणी सैन्यात होते, आणि युद्धानंतर काही काळ जर्मनीत होते असं ऐकलंय. कुठे, ते माहीत नाही. आईला विचारते.

मग ती गप्प झाली. आठवडे गेले. शेवटी तिने लिहिलं: आई म्हणते हे खोटं आहे. आई रडली. कृपा करून थोडा वेळ द्या.

ही गोष्ट मी आमेरला जाऊन सांगितली. बाई बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "म्हणजे मला एक बहीण आहे," त्या म्हणाल्या. "आणि तिला मी नको आहे. बरोबर आहे तिचं. तिचा बाप तिच्याकडून काढून घेतोय आपण."

त्याच सुमारास नवरा सुट्टीवर आला. घरात आल्यापासून तोही माझ्यासारखाच फिरत होता, या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत. मी त्याला आमेरला घेऊन गेले. बाईंनी त्याला आपल्या हिंदीत विचारलं, "तुम्ही जिथे असता तिथे गावं आहेत?"

"आहेत ना, माताजी."

"गावातले लोक तुमच्याशी बोलतात?"

तो जरा विचार करून म्हणाला, "चहा देतात. काही मनापासून देतात, काही द्यावा लागतो म्हणून देतात. कोण कसा देतोय ते आम्हाला कळतं. पण पितो."

"आणि मुली?"

"त्यांच्याकडे बघायचं नाही, असा हुकूम असतो," नवरा म्हणाला. "तरीही पोरं बघतात. वीस-बावीस वर्षांची पोरं असतात."

बाईंनी मान हलवली. परतताना नवरा बसमध्ये म्हणाला, "तू हे सगळं मला फोनवर कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, तू विचारलं नाहीस. मग उरलेल्या रस्त्यात मी सांगत राहिले, आणि घरी आल्यावरही सांगत होते.

तो परत गेल्यानंतर नर्सचा निरोप आला, की आई बोलायला तयार आहे, एकदाच.

तो व्हिडिओ कॉल बाईंच्या खोलीत झाला. दुपारची वेळ होती, तिकडे सकाळ. पडद्यावर नर्स आणि तिच्या शेजारी तिची आई, सत्तरी उलटलेली, केस बारीक कापलेली, ओठ घट्ट मिटलेली. ती फ्रेंच बोलायची, तिची मुलगी ते इंग्रजीत करायची, मी इंग्रजीचं जर्मन करून बाईंना सांगायची. मुलगा दाराला टेकून उभा होता. बाईंना पडद्यावर फक्त उजेड दिसत होता. त्यांनी मला हळूच विचारलं, "कशी दिसते?" मी पाहिलं आणि म्हणाले, "हनुवटी तुमची आहे."

बहिणीने पाठ केल्यासारखं एका दमात सांगून टाकलं. वडील खाणीत कामाला होते. चांगले होते. कमी बोलायचे. जर्मनीबद्दल एकदाही बोलले नाहीत. शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं.

"कशामुळे?" बाईंनी विचारलं.

काचबिंदू. तिलाही थेंब घालावे लागतात. हे उत्तर आलं तेव्हा दारातून मुलगा म्हणाला, "म्हणजे मीही तपासून घ्यायला हवं."

बाईंनी विचारलं, त्यांना जर्मन येत होतं का? बहीण म्हणाली, त्यांचे आईवडील मूळचे पोलिश. आधी ते जर्मनीतल्या कोळशाच्या खाणींत होते, वडिलांची आई तर तिथेच जन्मलेली. नंतर सगळं कुटुंब फ्रान्सच्या खाणींत आलं. त्यामुळे घरात पोलिश, फ्रेंच आणि थोडं जर्मन अशी खिचडी होती. वडिलांचे काही शब्द तर आम्हाला कधी कळलेच नाहीत. बटाट्याला ते जन्मभर एक विचित्र शब्द वापरायचे. आम्हाला वाटायचं, आजीचा पोलिश शब्द असेल. पुढे शेजारच्या पोलिश बायकांना विचारलं तर त्यांनाही ठाऊक नव्हता.

"कुठला शब्द?"

नर्सला त्याचं भाषांतर करता येईना. शेवटी तिच्या आईनेच तो उच्चारला: "ग्रुम्बेरे."

मला तो ऐकून काही कळलं नाही. पुण्यात शिकलेल्या जर्मनमध्ये बटाट्याला असा शब्द नाही. पण माझ्या शेजारी बाई एकदम ताठ बसल्या.

"पुन्हा सांगायला सांगा."

बहिणीने पुन्हा सांगितला.

"हा आमच्याकडचा शब्द आहे," बाई म्हणाल्या. "पोलिश नाही. तिच्या आजीचाही नाही. त्या खाणींकडे नाही, आमच्या डोंगरात म्हणतात. जमिनीतलं नासपती, असा अर्थ होतो. माझी आई म्हणायची." मग त्यांनी तो शब्द स्वतः म्हटला. पलीकडून बहिणीने म्हटला. दोघींचे उच्चार जवळजवळ सारखे होते. मला आणि त्या नर्सला भाषांतर करण्यासारखं त्यात काही राहिलं नव्हतं.

बहीण म्हणाली, "आमच्या घरात अजूनही सगळे तेच म्हणतात. माझी नातवंडंसुद्धा."

एका शब्दावरून काय सिद्ध होतं? मी त्या शिक्षिकेला लिहिलं तेव्हा तिने हेच विचारलं. तो सैनिक कुणाच्या घरी जेवला असेल, इतकंच. बाईंनाही मी ते सांगितलं, लपवलं नाही. त्या म्हणाल्या, "मला कळतं ते. पण शत्रूच्या घरातून माणूस काय काय घेऊन जाईल? घड्याळ नेईल, चमचे नेईल. शब्द कोण नेतं? आणि आपल्या मुलांना कोण शिकवतं?" त्यानंतर आईच्या त्या बघण्याबद्दल त्या माझ्याशी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

'एकदाच' म्हणालेली बहीण दर रविवारी बोलू लागली. ती विमानात बसायला घाबरते आणि बाईंना प्रवास झेपत नाही, त्यामुळे दोघी अजून भेटलेल्या नाहीत. मुलगा मात्र पुढच्या प्रदर्शनाच्या वेळी वाट वाकडी करून बेल्जियमला जाऊन आला. परत आल्यावर त्याने गेस्टहाउसच्या बैठकीत, वडिलांच्या तसबिरीशेजारी एका खाणकामगाराचा फोटो लावला. मला म्हणाला, "भाभीजी, माणूस ठीकच दिसतो."

आमची बदली आली. नवरा सीमेवरून सुटला आणि आम्हाला दुसरं गाव मिळालं. निरोप घ्यायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "आता मला 'तू' म्हण." जर्मनमध्येही 'तुम्ही' आणि 'तू' वेगळे असतात, आणि 'तू'ची परवानगी मोठ्या माणसानेच द्यायची असते. मी प्रयत्न केला. साताऱ्याची जीभ, ऐंशी वर्षांच्या बाईला 'तू' म्हणायला वळेना. दोन वाक्यं 'तू' म्हटलं आणि तिसऱ्याला परत 'तुम्ही'वर आले. त्या हसल्या.

आता नव्या गावातही ट्रंका भिंतीला लागल्या आहेत. रविवारच्या कॉलमध्ये दोघी मला अजून घेतात, कारण फोनमधलं भाषांतर अधूनमधून भलतंच काहीतरी बोलतं. बाईंना आता उजेडही दिसत नाही. त्या बसून ऐकतात, मध्येच बहिणीला दटावतात, थेंब वेळेवर घाल म्हणून. चांगल्या शांत झाल्यात.

मी मात्र त्या सैनिकाच्या आजोबांच्या मागे लागले आहे. ते पोलंडच्या ज्या भागातून जर्मनीतल्या खाणींकडे गेले, तिथल्या गावाचं नाव तीन वेळा बदललंय, आणि चर्चच्या नोंदी लॅटिनमध्ये आहेत. मी लॅटिन शिकायला घेतलंय. तिकडच्या अभिलेखागाराला लिहून बरेच महिने झाले. बाईंना मागच्या रविवारी म्हटलं, अजून काही उत्तर नाही. त्या म्हणाल्या, "राहू दे गं आता." मी बरं म्हणाले, फोन ठेवला, आणि मेल आलाय का ते बघितलं.